छप्पर धरायचा डोंगर

शाळू काढून झाला, कडब्याच्या पेंढ्या शेतात उभ्या राहिल्या आणि दुपारच्या वाऱ्याला तापल्या मातीचा वास यायला लागला, की माझं मन वर्गात राहत नाही. फळ्यावर गणित असतं, समोर दहावीची पोरं असतात, त्यांच्या परीक्षेची धास्ती त्यांच्यापेक्षा मलाच जास्त असते, आणि तरी मी खिडकीबाहेर बघते. धाराशिवच्या आमच्या शाळेच्या खिडकीतून डोंगराची एक निळसर रेघ दिसते. बालाघाटाचीच ती, आमच्या गावाकडून आलेली. "मॅडम, पुढं?" असं एखादी पोरगी विचारते, तेव्हा मी परत येते.

हा हंगाम गावासाठी सुगीचा आणि आमच्या घरासाठी उपवासकाळाचा. ईस्टरच्या आधीचे हे आठवडे प्रभूचं दुःखसहन आठवायचं, जिभेला आणि रागाला आवर घालायचा, शुक्रवारी एक वेळच जेवायचं. नेमक्या त्याच दिवसांत घरात नवी ज्वारी यायची, शेजारणी वाटीभर काहीबाही आणून द्यायच्या, आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, झाकून ठेवलेल्या वाटीकडं बघत म्हणायचे, "उपवास ठरवणाऱ्यांनी आपल्याकडची सुगी बघितलेली दिसत न्हाय." आई डोळे वटारायची. मग अप्पा मुकाट पाणी पिऊन शेताकडं निघायचे.

आमचं गाव भूम तालुक्यात. एसटी फाट्यावर सोडते, तिथून पायी. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, एका गल्लीत मावतील एवढी. आमच्या उपासनेच्या जागेला आम्ही देऊळच म्हणतो. वर पत्रा, पत्र्यावर क्रूस, आणि आत उन्हाळ्यात अशी भट्टी पेटते की पाळकसाहेबांचा उपदेश आपोआप आटोपशीर होतो. बाकी गाव शेतकऱ्यांचं आणि धनगरांचं. गावाच्या पूर्वेला डोंगर आहे. डोंगर म्हणायचं आपलं, सह्याद्री बघितलेला माणूस त्याला टेकाड म्हणेल. वर मोठं झाड नाही. कुसळी गवत, तरवड आणि बोरीची झुडपं. गाव त्याला बोडका म्हणायचं. आता वर पवनचक्क्या आल्यात, त्यामुळं पोरं त्याला पंख्याचा डोंगर म्हणतात. आमच्या गल्लीत मात्र त्याला तिसरंच नाव आहे.

अप्पा रागीट होते. हात उचलणारे नव्हते, पण राग आला की कानशिलं लाल व्हायची आणि शब्द घशात अडकायचे. तशा वेळी ते पायात वहाणा सरकवून म्हणायचे, "डोंगरावर जाऊन येतो." एवढंच. आई चुलीपाशी बसल्या जागेवरून त्यांना जाताना बघायची आणि बऱ्याच वेळानं भाकरी थापायला घ्यायची, कारण आता येतील हे तिला ठाऊक असायचं. डोंगराच्या अर्ध्या वाटेवर एक सपाट दगड होता, खाटेएवढा. अप्पा त्यावर बसायचे. गुडघे टेकायचे की नुसतेच बसून राहायचे, हे कुणी बघितलं नाही. पण राग तिथंच ठेवून यायचे हे नक्की. दिवस बोरांचे असले तर येताना खिशातून बोरं आणायचे, आम्हा दोघींच्या हातावर ठेवायचे, आणि मग तिघंही अंगणात बसून बिया थुंकायचो. भांडण कशावरून झालं होतं हे तोवर कुणाच्या लक्षात राहिलेलं नसायचं.

लहानपणी मला कोडं पडायचं, की आमच्या शास्त्रातल्या सगळ्या मोठ्या गोष्टी डोंगरावरच का घडतात? आज्ञा मिळाल्या त्या डोंगरावर. जीव मुठीत धरून पळालेला संदेष्टा लपला तो डोंगरातल्या गुहेत, आणि वारा, भूकंप, जाळ सगळं होऊन गेल्यावर त्याला देवाचा आवाज ऐकू आला तो अगदी हळू. येशूनं लोकांना शिकवलं ते डोंगरावर बसून, आणि माणसांचा गराडा फार झाला की तो एकटा प्रार्थनेला जायचा तोही डोंगरावर. रविवारच्या शाळेत मी हे विचारलं, तर शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "डोंगर देवाच्या जवळ असतो." घरी येऊन अप्पांना सांगितलं. ते हसले. "देवाला काय जवळ अन् काय लांब? डोंगर माणसांपासनं जरा लांब असतो, म्हणून बरं पडतं."

यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे येशू तीन शिष्यांना घेऊन उंच डोंगरावर जातो ती. तिथं त्याचं रूप उजळून निघतं आणि एक शिष्य भारावून म्हणतो, आपण इथंच मांडव घालू. किती आपल्यासारखा माणूस! आसरा मिळाला की उठावंसं वाटतच नाही. पण त्यांना उतरावं लागतं, आणि उतरल्या उतरल्या एक आजारी लेकरू आणि त्याचा रडकुंडीला आलेला बाप समोर उभा असतो. मला डोंगराचं हेच फार पटतं. तो आसरा देतो, पण ठेवून घेत नाही. थोडा वेळ वर बसवतो आणि मग ज्या गावातून पळून आलात त्याच गावात परत पाठवतो.

आमच्या गावची रीतही यातूनच निघाली असावी. ती कुणी सुरू केली हे आता कुणाला सांगता येत नाही. ईस्टरच्या पहाटे सगळी गल्ली ढोलकी आणि टाळ घेऊन भजनं म्हणत डोंगर चढते. पूर्वेकडं तोंड करून, सूर्य उगवताना गाणी होतात. पाळकसाहेब चार शब्द बोलतात. इथवर सगळीकडं असतं तसंच. पण मग सगळे पाठ फिरवतात. सूर्य पाठीशी आणि गाव समोर. कोवळ्या उन्हात खालची घरं उजळलेली असतात, एकेक छप्पर वेगळं ओळखू येतं. प्रत्येकानं त्यातलं एक निवडायचं, त्याच्याकडं बोट करायचं आणि त्या घरासाठी मोठ्यानं प्रार्थना करायची. नियम एकच आहे, आपलं स्वतःचं छप्पर धरायचं नाही. याला आम्ही छप्पर धरणं म्हणतो, आणि डोंगराला छप्पर धरायचा डोंगर.

हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. उपवासकाळ लागला की आईला नळावर कुणी ना कुणी गाठायचंच. आईचं नाव मार्था, गावाच्या तोंडी मारताबाई. "मारताबाई, यंदा आमचं छप्पर धरा बरं का, पोरीचं कुठं जमंना." एका साली धनगराच्या सखूबाईच्या मेंढरांवर रोग आला होता. ती म्हणाली, "छपराचं ऱ्हाऊ द्या बाई, मेंढराकडं बोट करा." आईनं खरोखरच माळावर बसवलेल्या मेंढरांकडं बोट केलं. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी हळूच सुचवलं, की मेंढरांना छप्पर नसतं, हे रीतीत बसत नाही. आई म्हणाली, "साहेब, तुमच्या उपदेशात तर सगळी मेंढरंच असत्यात." पाळकसाहेबांनी पुढच्याला खूण केली.

हे सगळं आठवतं ते एका उपवासकाळामुळं. अप्पा जाऊन काही वर्षं झाली होती. मी शाळेमुळं धाराशिवला, आणि आई गावात एकटी. त्या हिवाळ्यात मी गेले की बघायचे, आईला ताटातली भाकरी दिसायची आणि ताटाशेजारचा तांब्या दिसायचा नाही. हात चाचपडत जायचा, तांब्या कलंडायचा आणि आई तांब्यालाच बोल लावायची. मला वाटलं, चष्मा बदलायला हवा. बार्शीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी बराच वेळ यंत्रातून बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली जपायची, आणि ती किती दिवस राहील हे मी सांगू शकत नाही."

परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसली. मग म्हणाली, "मधलं दिसतंय गं, कडंचं गेलंय. फुंकणीतनं बघावं तसं." मी तिचा हात हातात घेतला. तिला ते आवडलं असावं, कारण तिनं तो काढून घेतला नाही. एरवी ती असल्या लाडांना वैतागते. भूम यायच्या आधी तिनं एकच मागणं केलं. "यंदा ईस्टरला मला डोंगरावर न्ये. डोळे हायेत तवर एकदा वरनं गाव बघू दे. पुढल्या साली दिसंल न दिसंल."

यात अवघड काय, असं कुणालाही वाटेल. डोंगरावर जायला आता रस्ता आहे. पवनचक्क्यांची ती लांबच लांब पाती वर न्यायची म्हणून केलेला, मुरुमाचा, चांगला रुंद. पण अडचण रस्त्याचीच होती. तो याकोबकाकांच्या माळावरून जातो. याकोबकाका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ. पायथ्याचा माळ त्यांच्या वाटणीचा. अप्पा गेल्यानंतर काकांनी रस्त्याला जागा दिली, आणि रस्ता करताना जेसीबीनं अप्पांचा तो दगड फोडला. कुणी मुद्दाम केलं नाही. दगड वाटेत होता. पण आईला हे काकांकडून कळलं नाही, नळावर कळलं. भरलेली घागर तशीच ठेवून ती काकांच्या दारात जाऊन उभी राहिली, मागोमाग नळावरच्या बायका.

"याकोब, डोंगर इकलास?"

"इकला न्हाय वैनी, वाट दिलीय. अन् डोंगर काय आपल्या एकट्याचा हाय का?"

"दगड तरी सांगून फोडायचा. म्या येऊन बसले असते जरा."

काका स्वभावानं अप्पांचेच भाऊ. त्यांचीही कानशिलं लाल झाली. ते म्हणाले, "दगडाला देव मानायलाव का वैनी तुम्ही? आपल्यात न्हाय ते."

गावातल्या दुसऱ्या कुठल्या घरात हे वाक्य कुणाला लागलं नसतं. आमच्या गल्लीत ते जिव्हारी लागतं. आयुष्यभर देवळात पहिल्या सतरंजीवर बसलेल्या, एकही रविवार न चुकवलेल्या बाईला तिच्या दिरानं चारचौघांत तिच्या विश्वासावरून बोलावं, याहून वाईट काही नव्हतं. आई लग्न होऊन आली तेव्हा काका अर्धी चड्डी घालून शाळेत जायचे. त्यांच्या डोक्याला तेल लावून भांग पाडलेला तिनं. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या त्या रस्त्यावर म्या पाय टाकायची न्हाय. अन् तुझ्या दारातबी." आणि तिनं ते पाळलं. तेव्हापासून दर ईस्टरला ती उत्तरेच्या अंगानं, शेरडांच्या वाटेनं डोंगर चढायची. ती वाट उभी, खडीची, घसरणारी. पण रस्त्याला न शिवता वर जाणारी तेवढीच.

पाळकसाहेब बदलले. नवे आले ते जालन्याकडचे, तरुण, अतिशय सालस. त्यांनी एकदा चहा पिता पिता विषय काढला. "आई, क्षमा करायला हवी ना?" आईनं त्यांच्या बशीत अजून चहा ओतला. "क्षमा केलीय की साहेब म्या त्याला. बोलत न्हाय फकस्त."

झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आदल्या आठवड्यात, ओढ्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या हातात घेऊन देवळापर्यंत मिरवणूक झाली. ऊन उतरल्यावर आई म्हणाली, "चल, वाट चालून बघू." आम्ही शेरडांच्या वाटेला लागलो. सुरुवातीला ठीक चाललं. समोरचं तिला दिसत होतं, पण पायाजवळचं दिसत नव्हतं, आणि डोंगर चढताना सगळं पायाजवळच असतं. एका खडीवर तिचा पाय सरकला आणि ती हातावर पडली. तळहात सोलवटला. मी ओढणीनं पुसत म्हणाले, "आई, रस्त्यानं जाऊ. काय होतंय?"

"न्हाय."

"मग कशी जाणार तू?"

"ते देवाला इचार."

मला तिचा राग आला. खरं तर भीती वाटत होती, आणि आमच्या घराण्यात भीती वाटली की रागच येतो. डोळे वाट बघत थांबणार नव्हते. या ईस्टरला गाव बघायचं राहिलं तर ते कायमचंच राहणार होतं, हे तिला कळत होतं आणि मलाही. आम्ही उतरलो. उतरताना ती एकदा थांबली आणि वळून वर बघितलं. तिच्या त्या फुंकणीएवढ्या नजरेत डोंगराचा कुठला तुकडा आला असेल, कुणास ठाऊक.

आता या साली आईला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. औषधाचे थेंब वेळच्या वेळी घातले, डॉक्टरांनी जमेल ते केलं, पण नजर गेलीच. परवा फोनवर मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, "बसलेय उन्हात. शाळू निघाला वाटतं, वास येतोय." मी पेपर तपासत होते. तो गठ्ठा बाजूला ठेवून मी गच्चीवर गेले. उंचावर गेलं की माझं मन थाऱ्यावर येतं, ही अप्पांची देणगी. लोक म्हणतात, वरून बघितलं की भांडणं लहान दिसतात. मला ते पूर्ण पटत नाही. भांडण लहान दिसत नाही, ते दिसतच नाही. खाली ज्या दोन घरांत वर्षानुवर्षं बोलणं नसतं, त्यांची छपरं वरून एकमेकांना टेकलेली दिसतात. आपण रोज ज्या भिंतीला अडखळतो ती तिथून दिसत नाही. प्रार्थना करायला एवढं पुरतं.

त्या वर्षीचा शुभ शुक्रवार आठवतो. देवळात भर दुपारची लांब उपासना. पत्रा तापून कडकड वाजत होता. उपासना संपल्यावर आई बाहेर पडताना तिला पायरी दिसली नाही. ती तोल जाऊन पुढं झोकांडली, दोघीतिघींनी धरलं. पुरुषांच्या बाजूनं काका बघत होते. सगळे पांगल्यावर ते माझ्याजवळ आले.

"सरू, वैनीला पायरी दिसली न्हाय व्हय?"

आईनं गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. मी काकांना सांगितलं, काचबिंदूचं, डॉक्टरांचं, डोंगराचं, शेरडांच्या वाटेवर पडली त्याचंही. काका तिथंच पायरीवर बसले. मग म्हणाले, "माझा पिकअप हाय. पार वरपातुर सोडतो."

"रस्त्यानं ती यायची नाही, काका."

"व्हय," ते म्हणाले. "न्हाय यायची." आणि उठून गेले.

ईस्टरच्या पहाटे भजनी मंडळी आमच्या दारावरून पुढं गेली. अंधारात आईला पाऊल टाकणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही उजाडायची वाट बघत अंगणात बसलो. आईनं पांढरं लुगडं नेसलं होतं, डोक्यावर पदर, हातात काठी. डोंगरावरून ढोलकी ऐकू येत होती. आई गाण्याबरोबर ओठ हलवत होती, पण आवाज काढत नव्हती. मला वाटलं, आता ही म्हणेल, राहू दे. आणि तिनं तसं म्हणू नये म्हणून मी मनातल्या मनात देवाला गळ घालत होते.

तेवढ्यात काका आले, पायी. फाटकाबाहेरच थांबले.

"वैनी, पिकअप घरीच ठिवलाय. शेरडांच्या वाटंनं जाऊ. म्या पुढं चालतो, तुम्ही खांद्यावर हात ठिवा. कडंचं म्या बघतो."

काका तसेच उभे. मग आई उठली, आवाजाच्या दिशेनं गेली आणि हात पुढं केला. काका उंच आहेत, ते खांदा तिच्या हाताखाली यावा म्हणून वाकले. इतक्या वर्षांत आई त्यांच्याशी पहिला शब्द बोलली तो असा, "हळू चाल."

काका सगळी वाट बोलत होते. "दगड हाय, डावीकडनं घ्या. हितं खडी हाय, पाय दाबून टाका. बोरीचं काटं हायेत, पदर सांभाळा." एरवी काका दिवसाला दहा वाक्यं बोलले तर खूप. मी मागून चालत होते, आई घसरली तर धरायला. सूर्य डोंगराच्या पलीकडं वर येत होता, वरचं गवत कडेनं सोनेरी झालं होतं, आणि पवनचक्कीचा सूं सूं आवाज प्रत्येक वळणावर जवळ येत होता. अर्ध्यावर आईचे गुडघे थकले. ती थांबली. काका वाकलेलेच उभे राहिले.

"रस्ता कुठं हाय हितनं?" आईनं विचारलं.

"हितंच हाय, वरच्या अंगाला. का वैनी?"

"दगड कुठं व्हता?"

काका म्हणाले, "हितंच, रस्त्याच्या वळणावर. तुकडे रस्त्याखाली घातले त्यांनी."

आई उभी राहिली. मग ती म्हणाली, "पाय दुखायलेत माझे. रस्त्यानंच चल." तिनं चार पावलं चढून मुरुमावर पाय ठेवला, काठीनं दोनदा ठोकून बघितलं. "बसलाय चांगला," ती म्हणाली. "पक्का दगड व्हता त्यांचा." याहून जास्त काही नाही.

आम्ही वर पोचलो तेव्हा गाणी संपत आली होती. मंडळींनी आईला बघितलं, तिचा हात कुणाच्या खांद्यावर आहे ते बघितलं, आणि एकमेकांकडं बघायचं टाळलं. पाळकसाहेबांनी शेवटचं गाणं पुन्हा एकदा सुरू केलं, आमच्यासाठी. मग सगळ्यांनी पाठ फिरवली. खाली गाव उन्हात न्हालं होतं. शेतं रिकामी, कडब्याच्या गंज्या, देवळाचा क्रूस, मारुतीच्या देवळाचा झेंडा, शाळेची पाण्याची टाकी. पवनचक्कीच्या पात्यांच्या सावल्या उतारावरून सावकाश खाली सरकत होत्या.

आईनं गाव एकदम बघितलं नाही, तिला ते बघता येत नव्हतं. ती मान हळूहळू फिरवत होती, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं, एकेक घर करत. मध्येच थांबायची, ओळख पटली की मान डोलवायची. बराच वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. ज्याच्यासाठी ती आली होती ते तिला मिळत होतं, तुकड्या-तुकड्यानं का होईना. मला फार बरं वाटलं.

मग एकेकानं छप्पर धरलं. कुणी पाटलाचं, कुणी शिंप्याचं, कुणी फाट्यावरच्या हॉटेलाचं. आईची पाळी आली. तिचं बोट गावावरून फिरलं आणि एका जागी थांबलं.

"ते निळ्या पत्र्याचं," ती म्हणाली. "नवं दिसतंय. कुणाचं हाय कुणास ठाऊक. असू दे, यंदा हेच धरते."

ते घर सगळ्यांना ठाऊक होतं. आई मात्र भांडणापासून गल्लीच्या त्या टोकाला फिरकलीच नव्हती, कुणी तिच्यापाशी तो विषयही काढत नव्हतं, आणि तिच्या फुंकणीएवढ्या नजरेत शेजारची छपरं येत नव्हती. कुणी काही बोलायच्या आत तिनं डोळे मिटले.

"बापा, ह्या घरात कोण ऱ्हातं ते म्या वळखत न्हाय, तू वळखतोस. नवं छप्पर घातलंय, त्येच्याखाली त्यांना सुखानं झोप लागू दे. घरात दुखणं येऊ देऊ नगंस. त्यांचं कुणाशी वाकडं आलं आसंल तर ते सरळ कर. अन् त्येंच्या दारात माणसाचं येणंजाणं वाढव. आमेन."

काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. ते काही न बोलता राहिले असते तर कुणी त्यांना दोष दिला नसता. पण ते म्हणाले, "वैनी, त्ये माझं घर हाय. गेल्या पावसाळ्यात पत्रा बदललाय."

आईचं बोट अजून तसंच होतं. तिनं डोळे उघडले आणि त्या निळ्या तुकड्याकडं पुन्हा एकदा नीट बघितलं. मग हात खाली घेतला.

"मग आता काय करू?" ती म्हणाली. "म्हनलेली प्रार्थना मागं घेता येती व्हय?"

कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले. काका हसले नाहीत. ते टोपी मुरगाळत म्हणाले, "वैनी, त्या दिशी म्या लई वाईट बोललो. दगडाचंबी सांगायला पायजे व्हतं. चुकलं माझं."

"चुकलंच," आई म्हणाली. "चल आता, ऊन व्हायलंय."

डोंगर उतरून मंडळी आपापल्या घरी गेली. आम्ही आमच्या दाराशी आलो, तर आईनं काकांच्या खांद्यावरचा हात काढला नाही. "पुढं चल," ती म्हणाली. "आत्ताच येणंजाणं मागून आले. म्या न्हाय गेले तर कोण जाणार?" गल्लीच्या टोकाला काकू दारातच उभ्या होत्या, त्यांनी तोंडावर पदर धरला. काकांच्या घराची चौकट ठेंगणी आहे, आणि आईला ती दिसणार नव्हती. काका झटकन पुढं झाले आणि वरच्या लाकडाला आपला तळहात लावून धरला. आईचं कपाळ त्यांच्या हातावर टेकलं. तिला काय झालं ते कळलं. ती तशीच उभी राहिली, कपाळ त्या हातावर ठेवून, आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला रडताना बघितलं.

"याकोब," ती म्हणाली, "निळा रंग बरा हाय. लांबनं दिसतो."